माळावर आरामात फिरायला स्वस्तातली एमटीबी (माउंटन बाइक), कोणती घेऊ? (सोलापूर)

चंडोल · १२ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी जुळे सोलापूरला राहते. वय ४६, उंची ५ फूट २ इंच, वजन ६३. पक्षी बघायचा नाद आहे. रविवारी पहाटे स्कूटी काढून कधी हिप्परग्याच्या तळ्यावर, कधी होटगी तलावाकडं, कधी बार्शी रोडनं नान्नजच्या अलीकडच्या माळांवर जाते. अडचण अशी की स्कूटीचा आवाज ऐकून पखुर्डी लांबूनच उडते, आणि चालत फिरायचं म्हटलं तर दोन माळ होईस्तोवर ऊन डोक्यावर येतं. म्हणून सायकल.

रस्ते म्हणाल तर मुरमाचे, बैलगाडीच्या चाकोऱ्यांचे, वनखात्याच्या लागवडीच्या कडेनं जाणारे, मधेच कालव्याचा भराव. मला उड्या मारायच्या नाहीत, डोंगर उतरायचा नाही. पंधरा-वीस किलोमीटर, तेही थांबत थांबत. पाठीवर दुर्बीण, पाणी आणि डब्यात कडक भाकरी.

बजेट १५ हजार, फार ओढाताण केली तर १८. पोरगा म्हणतो, "आई, पुढं-मागं दोन्हीकडं शॉकअप, २१ गिअर, डिस्क ब्रेक, सगळं ११ हजारांत मिळतंय." आमचे हे म्हणतात माळ्यावर जुनी लेडीज सायकल पडलीय, तीच ओव्हरऑइल करून घे. दुकानात गेले, तर त्या माणसानं मला एकच प्रश्न विचारला: रंग कुठला हवा?

कुणी माझ्यासारखं हळू फिरणारं आहे का इथं? की सगळे पंढरपूर-सोलापूर तीन तासांतवाले?

---

शेंगाचटणी · १२ ऑक्टोबर, रात्री १०:०५

ताई, पहिला प्रश्न विसरलात. घेतल्यावर सायकल धूळ कुठं खाणार, गॅलरीत की जिन्याखाली? माझी जिन्याखाली आहे. दोन्हीकडं शॉकअपवाली, २१ गिअरची. पोराला सांगा, हवी तर बघायला या, कबुतरानं मागच्या शॉकअपवर घर केलंय.

---

मुरूमराव · १२ ऑक्टोबर, रात्री १०:५०

शेंगाचटणींनी चेष्टेत खरं सांगितलंय. ११ हजारांतल्या डबल शॉकअपचं गणित बघा. तेवढ्याच पैशात कंपनीला एक जादा स्प्रिंग, मागचा वेगळा सांगाडा, त्याचे बुश आणि बोल्ट बसवायचे असतात. ते पैसे ती कुठून काढते? चाकातून, ब्रेकातून, चेनमधून. वर सायकल सतरा-अठरा किलोची होते. पेडल मारलं की जोर मागची स्प्रिंग खाते, सायकल घोड्यासारखी खालीवर होते, पुढं सरकत नाही. वर्षभरात बुश ढिले झाले की खळखळ वाजतं. पक्ष्यांचं सोडा, गावाला कळतं तुम्ही आलात.

तेव्हा मागं शॉकअप नको. हा निकाल लावूनच पुढं जाऊ.

पुढचा शॉकअप? तिथं वाद आहे, आणि मी वादाच्या बाजूनं आहे. :) या किमतीत जो पुढचा शॉकअप येतो त्यात साधी स्टीलची स्प्रिंग असते, उसळी आवरणारं तेल-बिल काही नसतं. खड्ड्यात दबतो आणि तितक्याच जोरानं परत उसळतो. वजन अडीच किलोच्या आसपास. साध्या चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या) जवळपास दुप्पट. आपल्या मुरमाच्या रस्त्यावर बारीक थरथर असते, त्या थरथरीला तो हलतसुद्धा नाही. ती थरथर खातो तो टायर. २.१ इंची रुंद टायर आणि हवा थोडी कमी, बस्स.

---

तीन_नंबरचा_गिअर · १३ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

मुरूमरावांना अनुमोदन, आणि जरा इतिहास (माझा आवडता विषय, कुणी विचारलं नसलं तरी).

माउंटन बाइक जन्मली ती १९७० च्या दशकात, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपायस डोंगराच्या परिसरात. पोरांनी जुन्या, जाड टायरच्या, पेपर टाकायच्या सायकली डोंगरावर नेल्या आणि मातीच्या रस्त्यानं खाली सोडल्या. ब्रेक म्हणजे उलटं पेडल मारलं की मागच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) लागणारा. खाली येईस्तोवर हब एवढा तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचा, दरवेळी नवीन ग्रीस भरायला लागायचं. म्हणून त्या रस्त्याचं नावच 'रिपॅक' पडलं. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीनं स्टम्पजंपर काढली, कारखान्यात मोठ्या संख्येनं बनलेली पहिली माउंटन बाइक. तिलाही शॉकअप नव्हता. शॉकअपचे चिमटे बाजारात आले ते १९९० च्या आसपास.

म्हणजे अख्खा डोंगर उतरून शर्यती लावल्या त्या लोकांनी नुसत्या जाड टायरवर. आपण हिप्परग्याला चाललोय.

---

चंडोल · १३ ऑक्टोबर, दुपारी १:३०

धन्यवाद सगळ्यांना. पोराला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ते लोक म्हातारे असतील." 

पण दुकानात बघितलं तर १५ ते १८ हजारांत पुढं शॉकअप नसलेली एमटीबी फारशी दिसतच नाही. जी आहे ती हायब्रिड म्हणून, बारीक टायरची.

---

अण्णा_छर्रेवाले · १३ ऑक्टोबर, रात्री ८:२०

नमस्कार ताई. माझं चौतीस वर्षं सायकलचं दुकान होतं. आता पोरगा बघतो, मी खुर्चीवर बसून त्याच्या चुका काढतो. दुकानाचं नाव सांगणार नाही, जाहिरात नको.

शॉकअपवरनं भांडू नका. पुढं शॉकअप असला म्हणून सायकल वाईट होत नाही, तो बघून सायकल घेऊ नका एवढंच. आलाच तर येऊ द्या. वर लॉक असेल तर उत्तम, डांबरी रस्त्याला लॉक करून टाकायचा, म्हणजे तो दबत नाही.

बघायचं काय ते सांगतो. पहिलं मापाचं. दुकानदारानं रंग विचारला, माप विचारलं नाही, तिथंच उठून यायला पाहिजे होतं. घरी अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहा. दोन्ही पायांच्या मधे एक जाड पुस्तक आडवं धरून वर दाबा, सीटवर बसल्यासारखं. जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत टेपनं मोजा, दुसऱ्याला मोजायला सांगा. तुमच्या उंचीला साधारण ७० ते ७३ सेंटीमीटर भरेल. आता सायकलच्या आडव्या दांडीवरून पाय टाकून दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभं राहायचं. दांडी आणि तुमच्या मधे दोन इंच तरी मोकळं पाहिजे. माळावर चाकोरीत पाय घसरतो, तेव्हा त्या दोन इंचांची किंमत कळते.

तुम्हाला १५ इंची फ्रेम, नाहीतर ज्याला कंपनी 'स्मॉल' म्हणते ती. दुकानात १८ इंची पडून असते, तीच गळ्यात मारतात. "सीट खाली करून देतो की." सीट खाली होते हो, पण हँडल जवळ येत नाही. मग पाठ आणि मान धरते.

---

कालव्याकाठी · १३ ऑक्टोबर, रात्री ९:१०

अण्णा, चाकाचं पण सांगा की. आता सगळे २९ इंचीच्या मागं लागलेत.

---

अण्णा_छर्रेवाले · १३ ऑक्टोबर, रात्री ९:४५

ताईंना २९ नको. मोठं चाक खड्ड्यावरून सहज जातं हे खरं, पण बुटक्या माणसाच्या लहान फ्रेममध्ये ते चाक कोंबलं की वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. २७.५ किंवा सरळ २६ घ्या. २६ ला नावं ठेवायची फॅशन आहे. पण त्या टायर-ट्यूब तुम्हाला बाळीवेशीतही मिळतील, वैरागलाही मिळतील आणि अक्कलकोटलाही. २७.५ ची ट्यूब खेड्यात मागून बघा, दुकानदार तुमच्याकडंच बघत बसतो.

आणि २६-२७-२९ यावर जाऊ नका, टायरच्या कडेला बारीक अक्षरात आकडा असतो तो लिहून घ्या. २६ ला ५५९, २७.५ ला ५८४, २९ ला ६२२. हा रिमचा मिलिमीटरमधला व्यास. जुन्या काळ्या सायकलींतही २६ म्हणून एक माप आहे, त्याची रिम वेगळी, या टायरात बसत नाही. किती लोक चुकीचा टायर घेऊन आलेत माझ्याकडं.

---

पेडलवाली_राणी · १४ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

चंडोलताई, मी तुमच्याच उंचीची. तीन वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवली, त्याची गोष्ट सांगते म्हणजे तुम्ही तरी वाचाल.

खोक्यातून निम्मी-अधिक जोडलेली सायकल आली. हँडल, पुढचं चाक, पेडल आपण लावायचं. मी ओळखीच्या मेकॅनिककडं नेली. त्यानं पंधरा मिनिटांत जोडून दिली. चालवायला लागले तर सायकल अशी चंचल, की जरा हात हलला की गर्रकन वळायची. मला वाटलं मलाच येत नाही. महिनाभर मी स्वतःला दोष देत फिरले! मग विजापूर रोडच्या वनविहाराबाहेर फिरायला आलेल्या एका काकांनी गाडी थांबवून विचारलं, "बाळ, तुझा चिमटा उलटा का आहे?"

खरंच उलटा होता. पुढचं मागं करून बसवलेला. पुढच्या चाकाचा डिस्क ब्रेक चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला, चिमट्याच्या मागच्या बाजूला असतो. माझा उजव्या बाजूला, पुढं. रोज डोळ्यांसमोर होता आणि कळलं नाही.

---

शेंगाचटणी · १४ ऑक्टोबर, सकाळी ८:००

आत्ता खाली जाऊन माझा बघून आलो. सरळ आहे. कबुतर रागावलं.

---

अण्णा_छर्रेवाले · १४ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

राणीताई, असं रोज होतं. आणखी एक सांगतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, डावीकडं फिरवलं की घट्ट होतं. नवीन पोरगा ते सरळ समजून पान्यानं दाबतो आणि क्रँकचे (पेडल जिला लावतात त्या दांडीचे) आटे खातो. महिनाभरानं पेडल गळून पडतं, तोवर गिऱ्हाईक म्हणतं कंपनीचा माल वाईट. पेडलवर बारीक एल आणि आर कोरलेलं असतं, ते बघायचं.

---

मुरूमराव · १४ ऑक्टोबर, रात्री ९:३०

आता गिअर. २१ हा आकडा विसरा. पुढं ३, मागं ७, गुणाकार २१. त्यातले कितीतरी एकमेकांसारखेच पडतात, आणि चेन तिरकी जाते म्हणून काही वापरायचेच नसतात. आपल्याकडं चढ कुठंय? हिप्परग्याचा बांध, कालव्याचा भराव, झालं. तुम्ही रोज वापराल ते पाच-सहा. मात्र सगळ्यात हलका गिअर खरंच हलका पाहिजे. पुढची लहान चकती २४ किंवा २८ दात आणि मागची मोठी २८ किंवा ३४ दात असेल तर पायाचं एक आवर्तन आणि चाकाचं एक, असं जवळपास जुळतं. वाळूत, उलट्या वाऱ्यात गुडघा वाचतो.

नाव कुठलं बघायचं? या किमतीत शिमानो कंपनीचं टर्नी येतं, ती त्यांची सगळ्यात खालची पायरी. वर आल्टस, मग असेरा. टर्नी असली तरी चालेल, नीट लावून घेतलं की वर्षानुवर्षं चालते. नाव नसलेल्या गिअरपेक्षा लाखपट बरी.

वाऱ्याचा विषय निघालाच तर, आषाढात इथं पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा जाताना वाऱ्याच्या तोंडाला जा, येताना वारा पाठीशी. मी उलटं केलं एकदा. जाताना वाटलं, काय फॉर्मात आहे मी! येताना ट्रॅक्टरवर सायकल टाकून आलो.

---

कालव्याकाठी · १५ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

ब्रेकचं कुणी बोललंच नाही. ताई, डिस्क म्हणजे भारी असं काही नसतं. नाव नसलेल्या स्वस्त डिस्कची पातळ चकती जरा वाकली की खर्र-खर्र करत घासत राहते. आपल्याला आवाज नको ना? चांगला व्ही-ब्रेक (रिमला दोन्हीकडून रबर दाबणारा) तुमच्या वजनाला आणि वेगाला पुरतो, रबर कुठंही मिळतं, बदलायला पाच मिनिटं. तोटा एवढाच की मुरमाची भुकटी रबरात बसते आणि रिम घासते. रबर अधूनमधून काढून पिनेनं खडे टोकरायचे. केबलवाला डिस्क नावाजलेल्या कंपनीचा असेल तर तोही चालेल. तेलवाला हायड्रॉलिक या बजेटमध्ये नको, बिघडला की गावात दुरुस्त करणारा शोधावा लागतो.

---

सराटा · १५ ऑक्टोबर, रात्री १०:१५

तुम्ही सगळे गिअर-ब्रेकवर पानं भरताय आणि सोलापूरचा खरा मालक विसरलाय. माझं नाव बघा.

ऑक्टोबर ते जानेवारी माळावर सराटे वाळून पडलेले असतात. कसाही पडला तरी एक काटा वरच. आणि जिथं वेडी बाभूळ तोडलीय, तिथल्या काटक्या म्हणजे खिळेच. पहिल्या वर्षी मी एका सकाळी नान्नज रोडच्या आत दोन किलोमीटर गेलो, परत येऊन भोकं मोजली तर पुढच्या चाकात नऊ, मागच्यात चौदा. पंचरवाला म्हणाला, "साहेब, यापेक्षा नवीन ट्यूब घ्या, मला पण झोप लागू दे."

आता काय करतो ते सांगतो. ट्यूबला मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह आहे का बघून सायकल घ्यायची. या किमतीत बहुतेक तोच येतो. त्याची आतली पिन निघते, त्यातून ट्यूबमध्ये पंचर बुजवणारं द्रव घालता येतं. बारीक काटे तो आपोआप बुजवतो. दुसरा जुगाड म्हणजे जुनी ट्यूब उभी चिरून टायर आणि नव्या ट्यूबच्या मधे घालायची. कडा तिरक्या कापून पातळ करायच्या आणि वर टाल्कम पावडर मारायची, नाहीतर ती कडच नवी ट्यूब घासून फोडते. चाक थोडं जड होतं, पण तुम्हाला कुठं शर्यत लावायचीय.

आणि पंचर काढताना टायरमधला काटा काढल्याशिवाय ट्यूब परत घालायची नाही. बोट फिरवून सापडत नाही, बोटच फाटतं. कापसाचा बोळा घ्या आणि टायरच्या आतून हळू फिरवा. जिथं कापूस अडकेल तिथं काटा.

---

अण्णा_छर्रेवाले · १५ ऑक्टोबर, रात्री १०:४०

कापसाचं बरोबर सांगितलं. पोराला मी हेच शिकवलं.

---

विणकर_वल्ली · १६ ऑक्टोबर, दुपारी ४:००

सराटा एक मालक, दुसरी मालकीण काळी माती. ताई, पाऊस पडला की दोन दिवस माळावर मुरमाच्या रस्त्यानंच जायचं, काळ्या रानात शिरायचं नाही.

मी गेल्या जुलैत शिरलो. शंभर फूट गेलो असेन. आधी टायर जाड झाला, मग टायर आणि चिमट्याच्या मधे माती भरली, गवत अडकलं, चाक फिरायचंच थांबलं. मी शहाणा, जोर लावला. मागं चेनजवळ गवताचा पेंढा गिअरच्या हातात गुंतला, हात वर ओढला गेला, थेट आऱ्यांत. कट्ट! गिअरचा हात ज्या छोट्या पट्टीला टांगलेला असतो ती पट्टी तुटली. हँगर म्हणतात तिला, अंगठ्याएवढी अ‍ॅल्युमिनियमची. तुटण्यासाठीच असते ती, म्हणजे फ्रेम वाचते. पण प्रत्येक फ्रेमची वेगळी. माझ्या मॉडेलची सोलापुरात नव्हती. सायकल तीन आठवडे उभी.

म्हणून घेतानाच दुकानदाराकडून एक जादा हँगर मागून घ्या आणि सीटखालच्या पिशवीत टाका. तो देणार नसेल तर सायकल दुसरीकडून घ्या. स्टीलची फ्रेम असेल तर ही भानगड कमी, वाकलं तर सरळ करता येतं. आणि चिखल लागलाच तर उतरायचं, बाभळीच्या काडीनं खरडायचं, खांद्यावर घ्यायची. जोर लावायचा नाही.

---

चंडोल · १६ ऑक्टोबर, रात्री ९:२०

बाप रे. मला वाटलं होतं दोन-तीन मॉडेलची नावं मिळतील आणि मी शनिवारी जाऊन घेऊन येईन. आता वही केलीय!

एक वेगळा प्रश्न. सेकंडहँड बघू का? एका ओळखीच्यांच्या मुलाची आहे, चार वर्षांपूर्वीची, चांगल्या कंपनीची, नवी २८ हजारांची होती. मुलगा पुण्याला गेला. १० म्हणताहेत.

---

मुरूमराव · १६ ऑक्टोबर, रात्री १०:००

बघाच. हीच सगळ्यात शहाणपणाची खरेदी होऊ शकते. सोलापुरात दोनदा वापरून गॅलरीत उभ्या राहिलेल्या चांगल्या सायकली कमी नाहीत (शेंगाचटणी, तुमची यात धरलेली नाही).

चेन मोजा. साधी फूटपट्टी घ्या, एका पिनीच्या मधोमध शून्य ठेवा. बारा पूर्ण कड्या, म्हणजे आतली-बाहेरची जोडी अशा बारा, बरोबर बारा इंचांत संपल्या पाहिजेत. इंचाचा सोळावा भाग पुढं गेली तर चेन बदलायची. आठवा भाग गेली तर चेनबरोबर मागच्या चकत्याही गेल्या समजा, त्याचे पैसे किमतीतून कमी करा. मग सायकल उलटी करून दोन्ही चाकं फिरवा, रिम ब्रेकजवळ डावी-उजवी डुलते का बघा. थोडा आउट असेल तर आरे आवळून निघतो. हँडलच्या नळीखाली, जिथं खालची तिरकी दांडी जोडलेली असते, तिथं रंगाला सुरकुती किंवा चीर दिसली तर हात जोडून निघून या. ती सायकल कुठंतरी समोरून आदळलेली आहे.

आणि पेडलच्या मधल्या धुराखाली नंबर कोरलेला असतो. मूळ पावती मागा, नंबर जुळवा.

नवीनच घ्यायची ठरली तर २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. जुन्या किमतीचं लेबल दाखवून कुणी भाव सांगत असेल तर विचारा.

---

माळरान_राखा · १७ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

सायकलीतलं मला फार कळत नाही, पण चंडोलताईंनी नान्नजचं नाव घेतलं म्हणून लिहितो.

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. तेव्हा ८,४९६ चौरस किलोमीटर जाहीर झालं होतं, गावं-शेतं सगळी त्यात. पुढं कमी करून १,२२२ केलं. त्यामुळं आपल्याला बाहेरून सगळा माळ सारखाच दिसतो, पण कुठला तुकडा अभयारण्यातला आणि कुठला गावचा हे तारेच्या कुंपणावरून आणि पाट्यांवरून ओळखायचं. आत जायचं तर वनखात्याची परवानगी घेऊनच, आणि दाखवलेल्या रस्त्यानंच. सायकलचा आवाज होत नाही म्हणून ती गवतातून घालायची नाही. माळढोक जमिनीवरच अंडं घालते, एकच, तेही पावसाळ्यात. धाविक, पखुर्डी, तुमचा चंडोल, सगळ्यांची घरटी जमिनीवरच. चाकाखाली गेलं तर कळणारसुद्धा नाही.

लांडगा दिसला तर भाग्य समजा, तो तुमच्याकडं ढुंकून बघणार नाही. भीती धनगरांच्या कुत्र्यांची. मेंढरं दिसली की लांबूनच उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मधे धरा आणि चालत जा. पळवलीत तर ती मागं लागणारच. मेंढक्याला हाक मारा, तो एका शब्दात आवरतो.

---

चंडोल · १७ ऑक्टोबर, दुपारी २:१५

अगदी बरोबर. मी कुंपणाच्या बाहेरूनच बघते, आणि पावसाळ्यात तर मुळीच गवतात शिरत नाही. मेंढरांचं लक्षात ठेवते.

---

तीन_नंबरचा_गिअर · १७ ऑक्टोबर, रात्री ८:४५

ताई, खरंखुरं झाडीचं जंगल हवं असेल तर पुढं कधी धाराशिवच्या पलीकडं येडशीच्या रामलिंगला जा. पण तिथं बालाघाटचा डोंगर आहे, चढ-उतार आहे, आधी इथं सहा महिने पाय बनवा.

---

चंडोल · २६ ऑक्टोबर, रात्री ८:००

घेतली! ती पुण्याला गेलेल्या मुलाचीच.

आधी नवीनही बघितल्या. एका दुकानात पुस्तक-टेपचं माप सांगितलं तर मालक हसला, पण मागून १५ इंची बाहेर आली. म्हणजे होती! पाय टाकून उभी राहिले, बसले, सगळं ठीक होतं, १७ हजार ५०० म्हणाले. जादा हँगर मागितला तर म्हणाले "तो काय असतो?" मग नमस्कार केला.

जुनीची फ्रेम १६ इंची, चाक २६. दांडीवर दोन इंचांना जरा कमी मोकळं आहे, पावणेदोन म्हणा. चेन मोजली, पाऊण सोळांश जास्त, म्हणजे अजून जीव आहे. चीर नाही, सुरकुती नाही. पावती मिळाली, नंबर जुळला. दहाचे साडेआठ हजारांत दिली. त्यात नवे टायर २.१ चे, दोन ट्यूबा, ट्यूबमधलं द्रव, हातपंप आणि पंचर काढायचं सामान घेऊनही बारा हजारांच्या आत बसलं. पुढं शॉकअप आहे, लॉकवाला. मुरूमराव, माफ करा. :)

पोरगा म्हणतो रंग बोअर आहे.

---

शेंगाचटणी · २६ ऑक्टोबर, रात्री ८:०४

अभिनंदन! पेढे नकोत, शेंगाचटणीच आणा.

---

चंडोल · ४ जानेवारी, दुपारी १:१०

धागा वर काढतेय. आज सकाळी बार्शी रोडला मैत्रिणीच्या शेतावर हुरडा होता, मी सायकलनं गेले. जाताना मुरमाच्या रस्त्यावर, लागवडीच्या कडेला काळविटांचा कळप. नऊ माद्या आणि एक काळाभोर नर. स्कूटीवर असते तर शेपट्याच दिसल्या असत्या. मी एक पाय जमिनीवर टेकून उभी राहिले, नर माझ्याकडं बघत राहिला, बघत राहिला, आणि परत चरायला लागला.

येताना मागचं चाक बसलं. द्रव घातलेलं असूनही! कापसाचा बोळा फिरवला, लगेच अडकला. सराटा नव्हता, बाभळीचा होता, पाऊण इंच. एवढं भोक ते द्रव काही बुजवत नाही बहुतेक. चिकटपट्टी लावली, हवा भरली, घरी आले. सगळं स्वतः केलं, अर्धा तास लागला. शेतावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

एकच शंका. घरी येईपर्यंत मनगटं दुखायला लागली. मुरमावर फार दणके बसले. शॉकअप उघडाच होता.

---

मुरूमराव · ४ जानेवारी, दुपारी २:००

वा! काळवीट म्हणजे पैसे वसूल. मनगटाचं, टायरमध्ये हवा किती होती?

---

चंडोल · ४ जानेवारी, दुपारी २:२०

पहाटे पेट्रोल पंपावर भरून घेतली. त्या मुलानं विचारलं किती, मी म्हटलं फुल्ल कर.

---

अण्णा_छर्रेवाले · ४ जानेवारी, दुपारी २:३५

ताई, दगड करून दिला त्यानं. तुमच्या वजनाला हवेचा दाब मागं ३५ पीएसआय, पुढं ३०. टायरच्या कडेला कमीत कमी किती ते लिहिलेलं असतं, त्याच्या खाली जाऊ नका. आता उन्हात उभी करू नका, आधी थोडी सोडा.